लेकीची हाक आणि बापाची ओ

दिवाळी अंकात मारधाडीच्या चित्रपटांवर लेख वाचायला मिळावा ही गोष्ट काही वाचकांना खटकेल. फराळाच्या ताटात चकलीशेजारी कोणी लवंगी मिरची ठेवावी, तसे त्यांना वाटेल. परंतु ज्या घरी हा अंक जाईल त्याच घरी, फराळ आटोपल्यावर दुपारच्या सुस्तीत, असलाच एखादा चित्रपट दूरचित्रवाणीवर लागलेला असेल आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे तो एकत्र बसून पाहतील. जे आपण एकत्र बसून पाहतो त्याविषयी एकत्र बसून बोलावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. टीकाकाराने नाक मुरडून पुढे जावे इतकी ही कथा क्षुद्र नाही.

कथा साधी आहे. एक मुलगी पळवली जाते. पोलीस कागद रंगवत बसतात. बाप उठतो, एकटाच निघतो, वाटेत आडवे येतील त्यांना लोळवतो आणि लेकीला घरी आणतो. पडद्यावर पाटी येते, दिवे लागतात, आपण चपला शोधू लागतो.

या जातीच्या चित्रपटांचा अलीकडचा आदर्श म्हणजे २००८ साली आलेला ‘टेकन’. दिग्दर्शक पिएर मोरेल, नायक लियम नीसन. गुप्तहेर खात्यातून निवृत्त झालेला ब्रायन मिल्स हा बाप. बायकोशी काडीमोड झालेला, मुलीच्या जवळ राहता यावे म्हणून नोकरी सोडून आलेला. किम ही त्याची सतरा वर्षांची मुलगी. तिला मैत्रिणीबरोबर पॅरिसला जायचे आहे आणि त्यासाठी बापाची सही हवी आहे. बाप आधी नाही म्हणतो, मग नाइलाजाने सही करतो. मुली पॅरिसला पोचतात त्याच दिवशी टोळीवाले त्यांना उचलतात. पुढे ब्रायन पॅरिसमध्ये जो धुमाकूळ घालतो तो पाहणाऱ्याला खुर्चीवरून हलू देत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मीही हललो नाही. मी एका मुलीचा बाप आहे, आणि अशा चित्रपटात बापाच्या छातीत जे होते ते समीक्षेच्या भाषेत सांगता येत नाही.

आमच्या पिढीला हा बाप नवा होता. आमच्या शहराचे नाव औरंगाबाद होते त्या काळात औरंगपुऱ्यातल्या वाचनालयातून मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणून वाचत असे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा तो विलक्षण माणूस. त्याने मराठी माणसाला वाचनाची चटक लावली, याचे श्रेय त्याला अजून पुरते मिळालेले नाही. त्या जगात कोणी संकटात सापडले तर धावून येणारा झुंजार असे, काळापहाड असे. माझ्या आठवणीतला बाप मात्र खुर्चीत बसून कपाळ धरी आणि नायकाच्या हाती मुलीचा फोटो देई. ‘टेकन’ने तो फोटो बापाच्याच हाती ठेवला आणि त्याला खुर्चीतून उठवले. प्रेक्षकांतले सगळे मध्यमवयीन बाप त्याच्याबरोबर उठले.

आता या चित्रपटातले सर्वांत चांगले दृश्य कोणते? मारामारीचे एकही नव्हे. ते दृश्य टेलिफोनचे आहे. किम बापाशी बोलत असतानाच खिडकीतून तिला दिसते की, पलीकडच्या खोलीत माणसे घुसली आहेत आणि ती मैत्रिणीला ओढून नेत आहेत. बाप घाबरत नाही आणि खोटा धीरही देत नाही. तो तिला सांगतो की, ती माणसे आता तुलाही नेतील. पलंगाखाली जा, फोन जमिनीवर ठेव, आणि त्यांच्याविषयी जे दिसेल ते मोठ्याने सांग. उंची, केस, हातावरची खूण, जे दिसेल ते. मुलगी थरथरत असते, पण सांगते. पुढचा सगळा शोध त्या चार शब्दांवर उभा राहतो.

या दृश्यात दोन गोष्टी घडतात. मुलीने हाक मारली आणि बापाने ओ दिली, ही पहिली. बापाने तिला त्या भयंकर क्षणी शहाणी समजली, तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, ही दुसरी. दुर्दैवाने चित्रपटाला आपल्या या मोठेपणाची जाणीव नाही. फोन तुटतो आणि त्याबरोबर किम नावाची व्यक्तीही चित्रपटातून संपते. पुढे ती हरवलेले बोचके होऊन राहते. कोणत्या गोदामात आहे, कोणत्या बोटीवर आहे, एवढाच प्रश्न उरतो. बोचके सापडते, विमानतळावर गळाभेट होते, आणि तिच्या आवडत्या गायिकेच्या दारात तिला नेले की कथा आटोपली. तिला रात्री झोप लागते का, हे कोणी विचारत नाही.

आणखी एक. तिच्याबरोबर गेलेली अमांडा मरते. तिलाही कोठेतरी बाप असेलच. त्याच्यावर चित्रपट नाही. ब्रायन वाटेत एका नशा दिलेल्या मुलीला उचलून आणतो, तिला सलाइन लावतो, पण कशासाठी? तिच्या अंगावर किमचे जाकीट आहे म्हणून. ती शुद्धीवर येऊन पत्ता सांगेल म्हणून. बाकीच्या मुली खोल्याखोल्यांतून तशाच राहतात. एका मुलीचा बाप म्हणून तो थोर आहे. पण एकाच मुलीचा.

या कथेत एक छुपी लबाडीही आहे. बापाने आधीच सांगितले होते की, जग वाईट आहे, जाऊ नकोस. मुलगी गेली आणि जग वाईट निघाले. म्हणजे बापाचा संशय खरा ठरावा म्हणून मुलीला संकटात टाकावे लागते. चित्रपट पाहून उठणारा बाप मनात काय घेऊन घरी जातो? मुष्टियुद्ध तर तो शिकणार नसतो. तो एवढेच शिकतो की, सही करायला नको होती.

पळवलेल्या मुलीच्या कथेला मराठी हात लागले की त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी निशिकांत कामत या दिग्दर्शकाकडे वळले पाहिजे. दादरला वाढलेला हा माणूस २००५ च्या ‘डोंबिवली फास्ट’मुळे आपल्याला माहीत झाला आणि २०२० साली, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, गेला. जुलै २०१५ ते जुलै २०१६ या एका वर्षात त्याचे तीन हिंदी चित्रपट आले, आणि तिन्हींत मूल संकटात आहे. त्यांच्याकडे एकत्र पाहावे असे मला फार दिवस वाटत होते.

‘रॉकी हँडसम’ मार्च २०१६ मधला. २०१० च्या ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ या कोरियन चित्रपटावरून घेतलेला. कामतांनी ती कथा गोव्यात आणली आणि खलनायकाची भूमिका स्वतः केली. वरवर पाहता ही ‘टेकन’चीच बहीण, पण येथे धावून जाणारा माणूस मुलीचा बाप नाही. तो शेजारी आहे, तारणाचे दुकान चालवणारा, बायको गमावलेला, कोणाशी न बोलणारा. मूळ कोरियन चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. चोरीच्या आळात सापडलेल्या त्या पोरीला तिचे आईबाप कोण असे विचारतात, तेव्हा ती रस्त्यावरून जाणाऱ्या या शेजाऱ्याकडे बोट दाखवते. तो पाहतो आणि पाठ फिरवून निघून जातो. पुढची सगळी मारधाड हे त्या पाठ फिरवण्याचे प्रायश्चित्त आहे. तिने त्याला बाप म्हणून हाक मारली होती. ओ द्यायला त्याला उशीर झाला. चित्रपट म्हणून ‘रॉकी हँडसम’ सामान्य आहे. रक्त फार आणि माणसे थोडी. पण त्यातली कल्पना ‘टेकन’पेक्षा मोठी आहे. बापपण ओ देण्यातून येते, असे ती कल्पना सांगते.

‘मदारी’ जुलै २०१६ मधला. येथे इरफान खानने रंगवलेला बाप मुलाला सोडवून आणत नाही. तो स्वतःच गृहमंत्र्याचा मुलगा पळवतो. त्याचा आपला मुलगा पूल कोसळून मेलेला असतो आणि त्या मरणाचा जाब द्यायला कोणी नसतो. ज्याच्या हाकेला राज्याने ओ दिली नाही, असा हा बाप. शेवटाकडे चित्रपट भाषणाच्या वाटेने जातो, हा त्याचा दोष. पण पळवणारा आणि पळवलेला मुलगा एकाच गाडीत, एकाच भुकेने प्रवास करतात ते प्रसंग मनातून जात नाहीत.

आणि तिसरा, काळाने पहिला, ‘दृश्यम’. जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. गोव्यातल्या एका गावात केबलचा धंदा करणारा चौथी नापास विजय साळगावकर, त्याची बायको नंदिनी आणि दोन मुली. थोरल्या अंजूचे लपून केलेले चित्रण एका मुलाच्या हाती असते. तो पोलीस महानिरीक्षक बाईंचा मुलगा. तो रात्री येऊन धमकावतो, झटापट होते, आणि अंजूच्या हातून त्याचा जीव जातो. पुढे विजय चित्रपट पाहून कमावलेल्या अकलेने सारे कुटुंब वाचवतो. त्या २ ऑक्टोबरची, सत्संगाची आणि पावभाजीची गोष्ट आता घरोघरी पाठ आहे. ती मी सांगत नाही.

सर्वजण विजयच्या हुशारीची वाखाणणी करतात. माझे लक्ष एका दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. जी रात्र खरी संकटाची होती त्या रात्री हा बाप घरी नव्हता. तो कचेरीत बसून चित्रपट पाहत होता. अंजूने सांगितले ते आईला. त्या मुलासमोर उभ्या राहिल्या त्या आई आणि मुलगी. बाप आला तो सकाळी, सगळे होऊन गेल्यावर. मारधाडीच्या चित्रपटात नायकाचा जो प्रवेश असतो तो येथे नाहीच.

मग या बापाचे शौर्य कशात? घरात पाऊल टाकल्यावर त्याने मुलीला काय विचारले नाही, यात. तू सहलीला गेलीसच कशाला, तुझ्या वागण्यात काही चूक असेल, आम्हांला आधी का नाही सांगितलेस, यांतला एक प्रश्न त्याच्या तोंडून येत नाही. त्याने ऐकले, विश्वास ठेवला आणि सांगितले की, तुमच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. पुढची सगळी बुद्धिबळे नंतरची. तो एक क्षण मला ब्रायनच्या शंभर गुद्द्यांहून भारी वाटतो.

त्या क्षणालाही एक किंमत आहे, आणि ‘दृश्यम’ती पुरती मोजत नाही. विजयने मुलीला वाचवले ते मौनाच्या तिजोरीत ठेवून. तिने कधीच, कोणालाच, काहीच सांगायचे नाही. अभिषेक पाठक यांनी केलेल्या २०२२ च्या दुसऱ्या भागात अंजू फिट येणारी, दारावरच्या प्रत्येक थापेने दचकणारी मुलगी झालेली दिसते. पहिल्या भागाने लपवलेला हिशेब दुसऱ्या भागाने दाखवला, हे त्या दुसऱ्या भागाचे श्रेय.

मी शाळामास्तर आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि चित्रपटशास्त्राचे तर काहीच नाही. पण माझ्यापुढे रोज प्रेक्षकांचा एक वर्ग बसलेला असतो. एकदा नववीच्या वर्गात ‘दृश्यम’चा विषय निघाला. मुली विजयचे कौतुक करीत होत्या. मी म्हटले, एक काम करा. अंजूच्या जागी तुम्ही असता तर सर्वांत आधी कोणाला सांगितले असते, ते चिठ्ठीवर लिहा. नाव घालू नका. चिठ्ठ्या घरी नेऊन मी वाचल्या. आई होती, मोठी बहीण होती, मैत्रीण होती, मावशी होती, शेजारच्या काकू होत्या. बाप फार थोड्या चिठ्ठ्यांवर होता. आणि एका चिठ्ठीवर, वहीच्या फाडलेल्या कोपऱ्यावर, लिहिले होते : “पप्पांना सांगितले असते, पण मग शाळा बंद झाली असती.”

या एका वाक्याने मला या सगळ्या चित्रपटांचे मोजमाप दिले. बाप येणार नाही, अशी त्या मुलीची भीती नाही. तो येईल, काठी घेऊन येईल, प्रसंगी जीव देईल, याची तिला खात्री आहे. तो येऊन गेल्यावर सायकल, मोबाईल, मैत्रिणी, शाळा यांतले आपल्या वाट्याला काय उरेल, ही तिची भीती आहे. म्हणून ती हाकच मारत नाही. जिथे हाकच उमटत नाही तिथे ब्रायन मिल्सचे सगळे कसब काय कामाचे?

हाकेचा हा मुद्दा धरून ठेवला की ज्या चित्रपटाला कोणी या जातीत बसवणार नाही, तोही नव्या उजेडात दिसू लागतो. एप्रिल २०१६ मध्ये, ‘रॉकी हँडसम’नंतर महिनाभराने, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. आमच्या शहरात तो पाहून बाहेर पडताना जिन्यावर कोणी कोणाशी बोलत नव्हते. तो आपण प्रेमकथा म्हणून पाहिला. पण क्षणभर आर्चीच्या बापाच्या, तात्यांच्या, डोक्यात शिरून पाहा. त्यांच्या लेखी ही कथा कोणती? मुलगी पळवली, आपली माणसे कामाला लावली, परमुलखात, हैदराबादेत, ती सापडली. तात्यांच्या डोक्यात ‘टेकन’च चालू होता. आणि गंमत अशी, गंमत कसली, काळजाला घर पाडणारी गोष्ट अशी, की तिथेही सगळा शोध टेलिफोनवरच लागतो. आर्ची आईला फोन करते. मायेने मारलेली ती हाक ऐकून आईच्या नावाने भेटी घेऊन भाऊ येतो, आणि पुढे जे होते ते आपल्याला ठाऊक आहे. एका चित्रपटात लेकीचा फोन तिला जगवतो, दुसऱ्यात तोच तिचा घात करतो.

मराठीत ‘पळाली’ आणि ‘पळवली’ यांत एका अक्षराचा फरक आहे. त्या अक्षरात मुलीची सगळी इच्छा मावते, आणि आपण ते अक्षर फार सहज इकडचे तिकडे करतो. ‘सैराट’मध्येच पोलीस चौकीत मुलांविरुद्ध तक्रार लिहिली जाते, तेव्हा आपण आपल्या मर्जीने गेलो हे आर्चीला ओरडून सांगावे लागते. कायद्याचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही, अज्ञान मुलाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून त्याच्या संमतीवाचून नेणे म्हणजे अपहरण. मुलांच्या रक्षणासाठी हे कलम हवेच. पण त्यातली संमती पालकाची आहे. एस. वरदराजन यांच्या १९६४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला हा भेद करावा लागला की, मुलीला नेणे आणि आपल्या पायांनी निघालेल्या जाणत्या मुलीला सोबत येऊ देणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

हा भेद आपल्या पुराणांना ठाऊक होता. रुक्मिणीने पत्र लिहून श्रीकृष्णाला बोलावले. ती तिची हाक. तिचा भाऊ रुक्मी रथ घेऊन मागे धावला तेव्हा आपण बहिणीला सोडवायला निघालो, असेच त्याला वाटत असणार. तो शूर होता, वेगवान होता, फक्त हाकेच्या उलट दिशेने धावत होता. आज इतक्या शतकांनंतर कीर्तनात त्याचे नाव निघाले की श्रोते हसतात. आपल्या गावोगावच्या रुक्मींना मात्र आपण हसत नाही. त्यांना इभ्रतदार म्हणतो.

आता मुलगी घरी आल्यानंतरचे. या जातीचे चित्रपट जेथे संपतात तेथून खरे साहित्य सुरू होते. १९४८ साली सआदत हसन मंटो यांनी ‘खोल दो’ ही कथा लिहिली. फाळणीच्या दंगलीत सिराजुद्दीनची मुलगी सकीना हरवते. म्हातारा बाप निर्वासितांच्या छावणीत वेड्यासारखा तिला शोधतो. शोधून आणण्याचे वचन देणारे तरुणच तिची काय दशा करतात, ते या अंकाच्या वाचकांपुढे मांडण्याचे धाडस मला नाही. शेवटी दवाखान्यात तिच्या हाताची किंचित हालचाल होते. ती पाहून डॉक्टरला घाम फुटतो आणि बाप मात्र आनंदाने ओरडतो की, आपली मुलगी जिवंत आहे. त्या ओरडण्याकडे वेडेपणा म्हणून पाहणारे वाचक आहेत. मला तो बाप थोर वाटतो. जगाला जे दिसले ते त्याला दिसत नाही. त्याला लेकीचा श्वास दिसतो.

त्याच्या उलट अमृता प्रीतम यांच्या १९५० च्या ‘पिंजर’ कादंबरीतले आईबाप. पळवलेली पुरो एका रात्री सुटून, अंधारातून, आपल्या घरी येते. ज्या सुटकेसाठी चित्रपटातल्या बापांना शेकडो माणसे लोळवावी लागतात ती सुटका हिने स्वतः करून घेतली आहे. आता फक्त दार उघडायचे आहे. ते दार तिच्यासाठी उघडत नाही. लोक काय म्हणतील, पळवणारे सूड घेतील, या भीतीने तिला परत पाठवले जाते. सरकारही शहाणे नव्हते. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी १९४९ साली कायदा झाला, पण तुला कोठे राहायचे आहे, हे त्या स्त्रीला विचारण्याची तरतूद त्यात नव्हती.

आणि ज्या सणाच्या निमित्ताने आपण हा अंक हातात घेतला त्याचीही कथा याच प्रश्नाशी येऊन थांबते. नरकचतुर्दशीला पहाटे आपण कारीट चिरडतो. नरकासुराचा वध झाला म्हणून. त्याच्या बंदिवासात सोळा हजार राजकन्या होत्या. म्हणजे सोळा हजार पळवलेल्या लेकी, आणि सोळा हजार राजे त्यांचे बाप! त्यांतला एकही रथ जोडून आला, असे मी कोणत्याही कीर्तनात ऐकले नाही. नरकासुर मेल्यावर, आता आम्हांला घरात कोण घेणार, असा प्रश्न त्या मुलींपुढे उभा राहिला, असे कीर्तनकार सांगतात. आणि श्रीकृष्णाने त्या सर्वांना आपले नाव आणि घर दिले. वध एका पहाटेत झाला. त्यानंतरचे काम जन्मभराचे होते, आणि देवाने तेही आपलेच मानले.

आता पडदा बाजूला सारून एक खरी हकीकत सांगतो. मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे साहाय्यक उपनिरीक्षक हरवलेल्या माणसांचे काम पाहत. २००८ ते २०१५ या काळात तेथे १६६ मुली हरवल्याची नोंद झाली. त्यांतल्या १६५ भोसल्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढल्या. राहिली एक. २२ जानेवारी २०१३ रोजी शाळेच्या वाटेवर नाहीशी झालेली सात वर्षांची पोर. २०१५ साली भोसले निवृत्त झाले. निवृत्तीबरोबर फाइल दुसऱ्याच्या टेबलावर जाते. पण त्या मुलीचा फोटो त्यांनी जवळ ठेवला आणि शोध चालूच ठेवला.

ऑगस्ट २०२२ मध्ये, साडेनऊ वर्षांनी, ती सापडली. पॅरिसमध्ये नव्हे, आपल्या घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. आणि ती सापडली कशी? तिच्याबरोबर घरकाम करणाऱ्या एका बाईंना तिने मनातले सांगितले. त्यांनी तिचे नाव आणि ‘हरवली’ एवढेच शब्द घालून मोबाईलवर शोध घेतला, तो तिच्या शोधासाठी कधीकाळी काढलेले पत्रक समोर आले. त्यावरच्या क्रमांकांपैकी एक क्रमांक अजून चालू होता. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर कोणीतरी ओ देऊन ठेवली होती. हाक आली तेव्हा ती तयार होती.

या कथेत पिस्तूल नाही, पाठलाग नाही, चार भिंतींत लोळवलेली माणसे नाहीत. आहे ते रजिस्टर, फोटो, पत्रक, टेलिफोनचा क्रमांक आणि न सुटणारा चिकटपणा. ब्रायन मिल्स एका मुलीचा बाप होता. भोसल्यांच्या यादीत १६६ लेकी होत्या आणि त्यांना सोडवून आणायला त्यांच्याकडे रक्ताच्या नात्याचे कारण नव्हते. या हकीकतीवर कोणी मराठी दिग्दर्शकाने चित्रपट करावा, आणि करताना त्यात मारामारी घालण्याचा मोह आवरावा, अशी माझी मागणी आहे. निशिकांत कामत असते तर ती मी त्यांच्याकडे केली असती.

एरवी सामान्य माणसाने काय करावे? १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून मुलांसाठी एक टेलिफोन सेवा सुरू झाली. १०९८ हा तिचा क्रमांक आज देशभर चालतो. मुलांना तो पाठ करायला लावावा, मी वर्गात लावतो. पण असा क्रमांक काढावा लागला, यातच एक कबुली आहे. संकटात सापडलेल्या मुलाला घरातल्या माणसाआधी अनोळखी आवाज जवळचा वाटू शकतो, ही ती कबुली.

‘टेकन’ पुन्हा लागेल तेव्हा तो अवश्य पाहावा. करमणूक म्हणून तो खणखणीत आहे आणि सणासुदीला करमणुकीचा हक्क सर्वांना आहे. मात्र टेलिफोनचे दृश्य येईल तेव्हा मारामारीची वाट पाहत बसू नये. या सर्व प्रकारातले शौर्य त्या दोन मिनिटांत आहे. बाप गुप्तहेर असणे हा नशिबाचा भाग झाला. लेकीला फोन करावासा वाटणे हा वर्षानुवर्षांच्या वागणुकीचा भाग आहे. माझ्या वर्गातल्या त्या मुलीने वहीच्या कोपऱ्यावर जो ‘पण’ लिहिला तो पुसून टाकण्यासाठी पॅरिसला जावे लागत नाही. आणि कोणा दिग्दर्शकाला तो पुसता येण्यासारखा नाही. ज्याच्या घरात ती राहते त्यालाच तो पुसता येईल.